निळा-पिवळा मफलर

इंग्लंडच्या उत्तरेतल्या आमच्या बर्करॉइड गावात माझ्यापेक्षा मोठा आवाज फक्त गिरणीच्या भोंग्याचा होता, आणि गिरणी बंद पडल्यापासून पहिला नंबर माझाच. शनिवारी मी मैदानाच्या कठड्याला टेकून रेफरीला दोन शब्द सुनावले की पलीकडच्या टेकडीवरच्या मेंढ्या चरायच्या थांबतात. हे मी फुशारकीने सांगत नाही. मेंढ्या ज्याच्या आहेत त्यानेच येऊन तक्रार केली होती.

आमचा खेळ म्हणजे रग्बी लीग. तेरा गड्यांचं रग्बी, खाणीतल्या आणि गिरणीतल्या माणसांचं. ते पंधरा जणांचं वेगळं, ते दक्षिणेकडचे वकील-डॉक्टर जेवण पचावं म्हणून खेळतात. टीव्हीच्या मालिकेत आमच्याकडचा माणूस दाखवायचा असला की टीव्हीवाले त्याच्या काखेत रग्बीचा चेंडू देतात, डोक्यावर पाऊस पाडतात आणि त्याचा बाप मारतात. नाक न मोडलेला, बाप जिवंत असलेला आणि कोरडा असा आमच्याकडचा एकही माणूस मी टीव्हीवर पाहिलेला नाही.

तर अशाच एका मालिकेसाठी त्यांनी आमचं मैदान भाड्याने घेतलं. दिग्दर्शक होता ज्यूलियन नावाचा एक पोरगेला माणूस, गळ्यात रेशमी रुमाल, लंडनचा. मी मैदानावर मीट-पाय, म्हणजे खिमा भरून भाजलेल्या कचोऱ्या, आणि उकडलेल्या मटारांचा गाळा चालवते. तिथे मी एका दांडगटाला रांगेत मागे हाकलत होते, ते या ज्यूलियनने ऐकलं.

"आजी," तो म्हणाला, "आमच्या हीरोच्या आईचं काम कराल? कठड्याशी उभं राहून ओरडायचं, बस."

"आजी मला माझी नातवंडं म्हणतात," मी म्हटलं, "आणि ती तुझ्यापेक्षा शहाण्यासारखे कपडे घालतात. किती वाजता येऊ?"

घरी पोचायच्या आधी मी सगळ्या गल्लीला सांगून टाकलं. शेजारच्या मेव्हिसला दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा तिने पुरेसं तोंड वाकडं केलं नाही.

शूटिंगच्या दिवशी मैदानाची फाटकं बंद होती. गावातलं कुणी आत नाही, फक्त माझा नवरा सेसिल, तोही माझी पिशवी धरायला. बारीक पाऊस पडत होता, पण तो म्हणे कॅमेऱ्यात दिसत नाही, म्हणून त्यांनी बंब आणून वरून आणखी पाऊस सोडला. मी कोट घालून, केस सेट करून कठड्याशी उभी. तेवढ्यात कपडेपटातली एक मुलगी धावत आली आणि माझ्या गळ्यात मफलर अडकवून गेली.

मी खाली बघितलं. निळा आणि पिवळा.

वाचणाऱ्याला कळावं म्हणून सांगते. आम्ही लाल-पांढरे. कालव्याच्या पलीकडे स्केल्बी नावाचं गाव आहे, ते निळे-पिवळे. माझ्या आजीने स्केल्बीत पिकलेला कोबी कधी घरात येऊ दिला नाही.

"अगं ए, हे काय?" मी त्या मुलीला हाक मारली.

"हीरोच्या टीमचे रंग," ती म्हणाली. "मालिकेत गावांची नावं खोटी आहेत हो. हे रंग कॅमेऱ्यात छान उठतात."

 मफलर काढून फेकावा, तर गल्लीला काय तोंड दाखवू? मेव्हिस तर म्हणेल, हाकलली. मी मनाशी ठरवलं, तोंड मिटून उभं राहायचं. तोंडच उघडलं नाही तर मला टीव्हीवर दाखवतील कशाला?

ठरवलं होतं ते पक्कं. पण खेळ सुरू झाला, निळा-पिवळा हीरो चेंडू घेऊन पळत आला, आणि लाल-पांढऱ्यातल्या एका धटिंगणाने आडवा हात थेट त्याच्या गळ्यावर हाणला. आता, गळ्याच्या वर हात गेला की तो गुन्हा, हे आमच्याकडचं बाबागाडीतलं पोरही जाणतं. ते बघितलं की आमच्या तोंडाला कुलूप राहत नाही. चर्चमध्येही राहणार नाही. आणि तो रेफरी म्हणून उभा केलेला नट ढिम्म.

पुढचं मला नीट आठवत नाही. सेसिलच्या सांगण्याप्रमाणे मी कठड्यावर चढले होते.

"डोळे घरी वाळत घातलेस का रे मुडद्या? माझ्या लेकराचा गळा कापला त्या लाल-पांढऱ्या खाटकाने! बाहेर काढ त्याला! सगळे खाटीक आहेत मेले!"

बंबवाल्याच्या हातून नळी सुटली. ज्यूलियनच्या डोळ्यात पाणी आलं होतं. "एकदम खरं," तो म्हणाला. "परत घ्यायची गरजच नाही."

घरी जाताना सेसिल म्हणाला, "पण आडवा हात होताच तो."

"सेसिल, यातलं एक अक्षर बाहेर गेलं तर तुला मी मटारासारखा शिजवीन."

तुम्हाला वाटेल, काय एवढं मफलराचं. तुम्हाला रेज टॅटरसॉल माहीत नाही. आमच्याच गावचा. त्याने स्वस्तात मिळाला म्हणून घराच्या फाटकाला निळा रंग दिला आणि त्यावर पिवळी कडी बसवली. त्याच्या मुलीच्या लग्नात गावातला एक माणूस गेला नाही. पाद्री गेला, पण तो पगारी. रेज शेवटी बहिणीकडे समुद्राकाठी राहायला गेला आणि तिथेच वारला. मला रात्रंदिवस त्याचं फाटक दिसायला लागलं.

त्यातच रग्बी क्लबचा अध्यक्ष अर्नॉल्ड सग्डन घरी आला, टोपी हातात घेऊन.

"नोरा, कमिटीने ठरवलंय. तुला आजीव सभासदाचा बिल्ला द्यायचा. बाईमाणसाला पहिल्यांदाच."

या बिल्ल्यासाठी मी उभा जन्म मटार शिजवले होते. माझे डोळे भरून आले.

"आणि कधी द्यायचा माहितीय? ती मालिका लागेल त्याच संध्याकाळी. क्लबात मोठा टीव्ही लावतो. सगळं गाव बोलावतो. आधी तुझा सीन, मग बिल्ला."

डोळे लगेच कोरडे झाले.  मी म्हटलं, मला बरं वाटत नाहीये, त्या दिवशी बहुतेक मी आजारी असेन. अर्नॉल्ड म्हणाला, "काळजी नको, टीव्ही उचलून तुझ्या खोलीत आणू. गावही आणू."

मी ज्यूलियनला फोन लावला. "तो माझा भाग कापून टाक, बाबा."

"काय म्हणता आजी? तोच तर सगळ्याचा प्राण आहे. आणि आम्ही तो खास वेगळ्या पद्धतीने केलाय. बघाच तुम्ही."

खास वेगळ्या पद्धतीने! म्हणजे मफलर आणखी मोठा दिसणार. त्या दिवसापासून माझ्या घशाखाली घास उतरेना. पोरगी म्हणाली, "आई, टीव्हीसाठी बारीक होतेयस का?" मेव्हिस म्हणाली, "झाली असती तर दिसली असती."

शेवटी मी बेत केला. क्लबातल्या टीव्हीचा प्लग भिंतीशी खाली आहे. त्याच्या शेजारी सेसिलला बसवायचं. माझा सीन यायला लागला की मी खोकायचं आणि त्याने प्लग उपटायचा. लोक म्हणतील, फ्यूज उडाला.

"मी खोकले की काय करायचं?" मी त्याला चहाबरोबर रोज विचारायची.

"प्लग," तो म्हणायचा.

ती संध्याकाळ आली. क्लब खचाखच. टेबलावर मखमली डबीत माझा बिल्ला, आणि पुढे एवढा थोरला टीव्ही, कपाटासारखा. दिवे मालवले, मालिका सुरू झाली. हीरोचं नाक मोडलं. बाप मेला. पाऊस पडला. मग तो म्हातारा झालेला हीरो आईच्या थडग्याशी बसला आणि त्याचे डोळे कुठेतरी दूर लागले. मला कळलं, आता आठवण येणार. आता मी येणार.

मी खोकले.

सेसिल ताडकन उठला, बारकडे धावला आणि माझ्यासाठी पाणी घेऊन आला. एवढ्या वर्षांच्या संसारात मी त्याला तेवढंच शिकवलं होतं. मी पुन्हा खोकले. मेव्हिसने पाठीवर गुद्दे घातले. कुणीतरी खोकल्याची गोळी पुढे केली.  मी खुर्च्या ओलांडत भिंतीपर्यंत गेले आणि प्लग स्वतःच्या हाताने उपटला.

काळोख. मग आरडाओरड. मग अर्नॉल्डचा आवाज: "नोरा, हे काय गं?"

आणि भीतीने माझ्या तोंडून जे निघालं ते माझ्या नेहमीच्या आवाजात निघालं.

"मी त्यांचा मफलर घातलाय! निळा-पिवळा! आणि आपल्या माणसाला खाटीक म्हटलंय. बघू नका!"

 तेवढ्यात मेव्हिसने, तिचं भलं होवो, प्लग परत लावला.

चित्र आलं. कठड्यावर मी. तोंड उघडं. आणि सगळं काळं-पांढरं! आठवण म्हणून त्यांनी तो अख्खा भाग जुन्या सिनेमासारखा केला होता. माझा मफलर भांड्याच्या फडक्यासारखा करडा. हीरोही करडा. तो धटिंगणही करडा. कोण कुठल्या गावचा, हे देवालाही सांगता आलं नसतं.

सगळा क्लब आधी टीव्हीकडे बघत होता, मग माझ्याकडे.

"कळलं नसतं की गं," अर्नॉल्ड हळूच म्हणाला.

 अर्नॉल्डने डबी उचलली, उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मग टीव्हीकडे बघून म्हणाला, "पण हात गळ्यावर होता हे खरं."

"होताच," मागून कुणीतरी म्हणालं. "मैदानाबाहेरच काढायला हवा होता." मग सगळ्यांनी मिळून त्या रेफरीला शिव्या घातल्या, आणि त्या गडबडीत अर्नॉल्डने माझ्या कोटाला बिल्ला टोचला. थोडा मलाही टोचला. मुद्दाम की चुकून, ते मी विचारलं नाही.

बिल्ला मी दर शनिवारी लावते. कठड्याशी माझी जागाही तीच आहे. पण आता मी रेफरीला ओरडायला तोंड उघडलं रे उघडलं की मागून कुणीतरी गोड आवाजात विचारतं, "कुणाच्या बाजूने, नोराबाई?"

मी नुसती खोकते. सेसिल लगेच पाणी घेऊन येतो.