आण्णांचा पारा

शंकरआण्णा आमच्याकडं चहाला आले की आधी पिशवीतून हातभर लांबीचं पितळी तापमापक काढायचे आणि पुसून थेट कपात बुडवायचे. "वहिनी, लई तापलाय. उतरू दे की जरा!" माझ्या बायकोचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. पुढं पुढं तिनं त्यांच्यासाठी एक उंच पेलाच वेगळा ठेवला.

आण्णांची सगळी नोकरी बिअरच्या कारखान्यात झाली. मोठ्या हौदात धान्य गरम पाण्यात भिजायचं, त्या पाण्याची ऊब सांभाळायची, हे त्यांचं काम. नंतर तिथं आकडे दाखवणारी यंत्रं आली आणि जुनी तापमापकं भंगारात निघाली. आण्णांनी ती साहेबांकडून मागून घेतली. एकाला लाकडी मूठ, एकाला तांब्याचं म्यान, एक तर थेट विलायतेचं. सगळी बाहेरच्या खोलीत भिंतीवर टांगलेली. गॅसवाला येऊ दे नाहीतर पोस्टमन, "या की पावणं, आत या," म्हणून त्याला भिंतीपुढं उभा करायचे. "पाणी जरा जास्त तापलं की सगळा माल फुकट! पर थेंब न्हाय घेतला कधी. वासानंच पोट भरायचं!" आणि हसणं मंगळवार पेठभर.

त्यांची बायको गेल्यापासून घरात ते एकटेच. मुलगी शैला जयसिंगपूरला दिलेली. तिचं लग्न तिच्या मामानं आपल्या गावी, वडगावात लावून दिलं होतं. ती माहेरी यायची क्वचित, आणि एकटीच.

गेल्या उन्हाळ्यात तिचे सासरे तिला आणि तिच्या मुलाला घेऊन पहिल्यांदाच आण्णांच्या घरी यायचे ठरले. आदल्या दिवशी आण्णा तापमापकांचं चादरीत बांधलेलं गाठोडं घेऊन माझ्या दारात.

"मास्तर, हे ठेवून घ्या. पावण्यांच्यात दारूचं नाव बी चालत न्हाय. शैलाच्या मामानं लग्न ठरवताना त्यास्नी मी साखर कारखान्यात हुतो असं सांगितलंय."

दुसऱ्या दिवशी मीही जेवायला होतो. सासरे माणूस चांगला. नातवाला मांडीवर घेऊन त्यांनी सहज विचारलं, "कारखान्यात कुठल्या खात्यात होता?"

"वजनकाट्यावर," आण्णा म्हणाले. इतक्या हळू आवाजात बोललेले आण्णा मी कधी ऐकले नव्हते. वाढता वाढता शैला थांबली आणि आत निघून गेली.

पाहुणे खुशीत परतले. संध्याकाळी मी गाठोडं घेऊन गेलो, तर आण्णा भिंतीतले खिळे उपटत होते.

"आण्णा, हे तुमचं."

"ऱ्हाऊ दे तुमच्याकडंच."

"अहो, आयुष्य गेलं की तुमचं यात!"

"व्हय. पर शैला जाताना म्हणली, आता पोराला घेऊन मुक्कामाला येतो."

एवढं बोलून ते भिंतीतली भोकं चुन्यानं बुजवायला लागले. मग पाठमोरेच, बिचकत म्हणाले,

"मास्तर, वजनकाट्यावर नेमकं काय काय करत्यात वो? उद्या नातवानं इचारलं तर सांगाय पायजे."