नेहमीसारखे म्हणजे कसे?

"कसे कापू, साहेब?"

उस्तादांनी एवढेच विचारले, आणि खुर्चीत डोळे मिटून बसलेल्या पोस्टमास्तरांनी एक डोळा उघडला. तीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी केला नव्हता. दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी, ऑफिसला जाण्याआधी ते यायचे, "नेहमीसारखे" म्हणायचे आणि गळ्याभोवती कापड पडेपर्यंत घोरायलाही लागायचे. उस्तादांच्या दुकानाचे ते पहिले गिऱ्हाईक. समोर काचेच्या दाराचे थंडगार सलून उघडल्यापासून एकेक जण तिकडे सरकला होता. पोस्टमास्तर तेवढे हलले नव्हते. त्यामुळे हे डोके उस्ताद जिवापाड जपत.

घोळ केला तो पुस्तकाने. उस्तादांची लेक कॉलेजात तत्त्वज्ञान शिकू लागली होती. नवशिक्यांना विचार करायला शिकवणारे तिचे एक पातळसे पुस्तक दुकानात राहिले, आणि रिकामपणी उस्तादांनी त्याचा पहिला धडा वाचून काढला. रोज वापरतो त्या शब्दाचा अर्थ आधी पक्का करा, असे त्यात लिहिले होते. उस्तादांना ते फारच पटले. दोन दिवस त्यांनी घरी सराव केला. बायकोने "आज जरा लवकर या" म्हटले, की ते विचारायचे, "जरा म्हणजे किती?" तिसऱ्या दिवशी तिने डबाच दिला नाही.

"कसे म्हणजे? नेहमीसारखे," पोस्टमास्तर म्हणाले. "आज रिटायर होतोय मी. अकराला निरोपसमारंभ आहे, फोटो निघणार आहेत."

"पण नेहमीसारखे म्हणजे नक्की कसे?"

"ते तुला ठाऊक!"

"मला वाटत होतं, तुम्हाला ठाऊक."

उस्तादांनी कात्री उचलली आणि मनाशी म्हटले, आपण सुरुवात तरी कुठून करतो? कानापासून की मानेपासून? इतकी वर्षे आपोआप चालणारा हात या चौकशीने बावचळला. डावी बाजू विचार करून कापली, ती जास्त गेली. उजवी तिच्याशी जुळवली, ती आणखी वर गेली. मग पुन्हा डावी. बाकावर नंबराची वाट बघणारा दूधवाला पुस्तक चाळत होता.

"उस्ताद, दुसऱ्या धड्यात लिहिलंय, घाईघाईने निष्कर्ष काढू नका."

"तू गप्प बस!" दोघे एकदम ओरडले.

पावणेअकराला पोस्टमास्तरांच्या डोक्यावर बोटभर केस उरले होते. दोन्ही कानांवर झुलणाऱ्या त्यांच्या प्रसिद्ध झुलपांचा जमिनीवर ढीग पडला होता. त्यांनी आरशात पाहिले, कापड झटकले आणि ते तडक निघून गेले. दूधवाल्याने "मी उद्या येतो" म्हणून काढता पाय घेतला. उस्तादांना अगदी रडू यायचे बाकी होते. त्यांनी पुस्तक वस्तऱ्यांच्या खणात कोंबले आणि दिवसभर ते समोरच्या काचेच्या दाराकडे बघत बसले.

संध्याकाळी पोस्टमास्तर दारात उभे राहिले. हातात फुलांचा गुच्छ होता. उस्ताद हात जोडून पुढे धावले.

"साहेब, चुकलं माझं. केस वाढू द्या, पुन्हा नेहमीसारखे..."

"खबरदार!" पोस्टमास्तर खुर्चीत बसले. "तू दुकान टाकलंस तेव्हा पहिल्यांदा माझे केस कापलेस, आठवतंय? मला ते मुळीच आवडले नव्हते. कानांवर दोन झालरी! आमची ही आठवडाभर हसत होती."

"मग बोलला का नाहीत?"

"तू आरसा धरून इतका हरखून विचारलंस, 'जमलं ना, साहेब?' नाही म्हणायचा धीरच झाला नाही रे. पुढच्या खेपेला 'मागच्यासारखेच ना?' म्हणालास, मी मान हलवली. ती तीस वर्षं हलतेच आहे."

उस्ताद मटकन बाकावर बसले. "आणि मी म्हणायचो, साहेबांची आवड ही अशी! पण आपल्याला काय, मोठा माणूस आहे!"

दोघे डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. उस्तादांना इतके हलके कित्येक दिवसांत वाटले नव्हते. जाताना पोस्टमास्तरांनी गुच्छातले एक फूल काढून आरशाजवळ ठेवले.

"ही म्हणाली, आता कुठे माणसात आलात. पुढच्या महिन्यात येतो. अगदी आजच्यासारखे काप. जमेल ना?"

आज नेमके काय काय आणि कुठल्या क्रमाने कापले, यातले उस्तादांना काडीचेही आठवत नव्हते. पण पोस्टमास्तरांचा चेहरा इतका हरखलेला होता!

"जमेल की, साहेब," ते म्हणाले.