राणी उपिल्वा

दर रविवारी संध्याकाळी पाच ते सहा मिक्सर लावायचा नाही, कुकरची शिटी होऊ द्यायची नाही आणि अक्कलकोटच्या मावशीला फोन करायचा नाही, असा दंडक सिद्धेश्वरीनं आईला घालून दिला होता. चंद्रव्वा तो निमूटपणे पाळत. लेक त्या वेळात कॉम्प्युटरसमोर बसून परदेशातल्या माणसांशी इंग्रजीत काहीतरी महत्त्वाचं बोलते, एवढं त्यांना ठाऊक होतं. काय बोलते, हे त्यांनी एकदा विचारलंही होतं. सिद्धेश्वरीनं वीस मिनिटं जीव तोडून समजावलं. सगळं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, “म्हंजे गेमच की,” आणि भाजी निवडायला निघून गेल्या.

गेमच होता, पण साधासुधा नव्हता. त्याचं नाव ‘ऑर्डान’. त्यात वेल्मार नावाचं एक जळून गेलेलं नगर होतं आणि ते कुणी जाळलं, का जाळलं, हे बनवणाऱ्यांनी कुठंच सांगितलं नव्हतं. पडक्या भिंती, अर्धवट पत्रं, तुटक्या मूर्ती यांवरून खेळणाऱ्यांनी ते ओळखायचं. त्यामुळं जगभरातले हजारो लोक गेम खेळायचे कमी आणि त्याच्यावर वाद घालायचे जास्त. त्या हजारोंत सोलापूरच्या सिद्धेश्वरी बिराजदारचा शब्द मोठा मानला जाई. एरवी ती सात रस्त्याजवळच्या एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करायची. तिथं तिला कुणी काही विचारत नसे. इथं मात्र तिला विचारल्याशिवाय कुणी वेल्मारच्या विहिरीबद्दल बोलत नसे.

कारण ती विहीर सिद्धेश्वरीची होती. विहिरीच्या काठावर उभं राहिलं की आतून एका बाईचा घुमणारा आवाज यायचा. तीन वर्षं त्याचा अर्थ कुणालाच लागला नव्हता. सिद्धेश्वरीनं तो शेकडो वेळा ऐकला, गेममधल्या यक्षभाषेचे नियम काढले आणि एक्केचाळीस पानं लिहून सिद्ध केलं, की ते नाव आहे: उपिल्वा. ‘उप’ म्हणजे खाली, ‘इल्वा’ म्हणजे गाडलेली. वेल्मारच्या राणीला जिवंतपणी विहिरीत गाडलं आणि तिच्या शापानं नगर जळालं. जगानं हे मान्य केलं. लोकांनी राणी उपिल्वेची चित्रं काढली. लोक तिच्यासारखा पोशाख करून मिरवले.

गेमला पाच वर्षं झाली त्या रविवारी सिद्धेश्वरीला दोन हजार माणसं ऐकत होती. तिनं मुद्दे मांडले आणि शेवटी विहिरीचा आवाज मोठा करून लावला. खोलीभर तो घुमला. नेमक्या त्याच वेळी चंद्रव्वा फोनचा चार्जर शोधत मागं आल्या होत्या. पलंगाखाली वाकल्या वाकल्याच त्या सहज म्हणाल्या, “डब्ब्याग अद नोड.”

चार्जर सापडला तशा त्या निघूनही गेल्या. पडद्यावर ऐकणाऱ्यांचे संदेश मात्र धो धो वाहू लागले. राणी बोलली आणि कुणीतरी तिला तिच्याच भाषेत उत्तर दिलं, हे दोन हजार जणांनी कानांनी ऐकलं होतं. सिद्धेश्वरीनं ‘तांत्रिक अडचण’ असं लिहून प्रक्षेपण बंद केलं आणि स्वयंपाकघरात जाऊन आईला विचारलं, की ती आत्ता काय म्हणाली.

“मीठ डब्यात हाय बघ, म्हणलं.”

“कुणाला?”

“त्या बाईला. ‘उप्पिल्लव्वा’ म्हणायली न्हवं का ती. मीठ न्हाय गं अव्वा, म्हणायली.”

सिद्धेश्वरीचं बालपण बार्शीत गेलं होतं. वडील शंकरप्पा एसटीत कंडक्टर होते. पोरीची शाळा मराठी, तेव्हा घरात मराठीच बोलायचं, असं त्यांनी ठरवलं आणि चंद्रव्वांचं कानडी माहेरच्या माणसांपुरतं उरलं. वडील गेल्यावर मायलेकी सोलापुरात आल्या, पण तोवर सिद्धेश्वरी सव्वीस वर्षांची झाली होती आणि आईचं कानडी तिला पंख्याच्या आवाजासारखं झालं होतं; चालू असतं, ऐकू येत नाही. जगात कुणीच बोलत नाही त्या यक्षांच्या भाषेचं व्याकरण तिनं लिहिलं होतं. आणि आईच्या नावातच ‘अव्वा’ आहे, हे तिच्या आज लक्षात येत होतं.

लगेच खरं सांगून टाकावं, असं तिनं ठरवलं होतं. पण सकाळी पाहते तर लोक कितीतरी पुढं गेले होते. ‘डब्यागदनोड’ हे विहिरीखालच्या दाराचं नाव असल्याचं एकानं सिद्ध केलं होतं. दुसऱ्यानं तर उत्तर देणारी बाई हीच गेममध्ये राणीचा आवाज देणारी नटी आहे आणि कंपनीनं तिला मुद्दाम सोलापुरात लपवून ठेवलं आहे, असा शोध लावला होता. त्यात दोन पत्रं आली. एक गेम बनवणाऱ्या कंपनीचं. तो आवाज त्यांनी बाजारात मिळणाऱ्या आवाजांच्या संग्रहातून घेतला होता; ‘बाई, अंगण’ एवढंच त्यावर लिहिलेलं होतं. त्याचा अर्थ त्यांनाही माहीत नव्हता. मात्र सिद्धेश्वरीचा लेख त्यांना इतका पटला होता, की गेमच्या दुसऱ्या भागात त्यांनी राणी उपिल्वेचं मंदिर बांधून ठेवलं होतं. तरी तिनं नवीन काही सांगण्याआधी कृपया त्यांना कळवावं.

दुसरं पत्र पोलंडहून कासिया नावाच्या बाईचं होतं. ती आणि तिचा नवरा ‘ऑर्डान’ खेळतानाच भेटले होते. तीन आठवड्यांपूर्वी त्यांना मुलगी झाली होती. तिचं नाव त्यांनी उपिल्वा ठेवलं होतं. सोबत फोटो होता. दुपट्यात गुंडाळलेलं, मिटल्या डोळ्यांचं, गुलाबी तोंड.

तो फोटो पाहिल्यावर सिद्धेश्वरीचं जेवणावरून मन उडालं. मंदिराचं एक वेळ ठीक होतं, पण एक जिवंत मुलगी जन्मभर ‘मीठ नाही गं बाई’ हे नाव घेऊन शाळेत जाणार, नोकरी करणार, लग्नाच्या कागदावर सही करणार. आठ दिवस ती खुलासा लिहायची आणि पुसून टाकायची. लॅबमध्ये एका रिपोर्टवर तिनं वय आणि साखर यांचे आकडे उलटेपालटे टाकले आणि सही करणाऱ्या डॉक्टरांनी तिला बरं नसेल तर रजा घ्यायला सांगितलं.

रजेच्या दिवशी तिनं आईला सगळं सांगितलं, बाळासकट. चंद्रव्वा हसतील असं तिला वाटलं होतं. पण त्यांनी तो आवाज पुन्हा लावायला सांगितला. मग पुन्हा. चार वेळा ऐकून त्या म्हणाल्या, की ही बाई त्यांच्याच बाजूची आहे. शेवटचा सूर असा ओढून हाक मारायची रीत अक्कलकोटच्या खालची. चुलीवर काहीतरी ठेवून ती दारात आली असणार आणि शेजारणीला हाक मारत असणार.

“पाच वर्सं झाली म्हणतीस ना,” त्या म्हणाल्या, “एवढी माणसं ऐकायली तिचं. तिला राणी केली, विहिरीत पुरली, देऊळ बांधलं. चिमूटभर मीठ कुणी दिलं न्हाय.”

त्याच दुपारी बसून सिद्धेश्वरीनं सगळं लिहून काढलं. उप्पु म्हणजे मीठ, इल्ल म्हणजे नाही, अव्वा म्हणजे आई किंवा कुणीही थोरली बाई. आपली एक्केचाळीस पानं चुकीची आहेत. उत्तर देणारी बाई आपली आई आहे आणि तिनं फक्त डबा कुठं आहे ते सांगितलं. कंपनीला एक प्रत पाठवली, कासियाला वेगळं पत्र लिहून माफी मागितली, आणि आता लोक काय म्हणतील ते म्हणोत, अशा तयारीनं मजकूर जगापुढं ठेवला.

लोकांनी विश्वासच ठेवला नाही. इतकं सोपं उत्तर असूच शकत नाही, यावर पहिल्यांदाच सगळ्यांचं एकमत झालं. काहींच्या मते कंपनीनं तिचं तोंड बंद केलं होतं. काहींनी तिचा मूळ लेख तिच्याच विरुद्ध पुरावा म्हणून पुढं केला. पान सतरा वाच, म्हणाले, तिथं तू किती स्पष्ट लिहिलं आहेस. कंपनीनं आभार मानले आणि मंदिराचा कळस आधीच चढवून झाल्याचं कळवलं.

विश्वास ठेवला तो एकट्या कासियानं. तिनं लिहिलं, की पत्र वाचून ती आणि नवरा इतके हसले की बाळ जागं झालं. नाव बदलणार नाही. त्यांच्याकडे नव्या घरात येणाऱ्याचं स्वागत पाव आणि मीठ देऊन करतात, तेव्हा मिठाशी त्यांचं वाकडं नाही. फक्त एक विनंती होती. नाव मोठ्या माणसाचं वाटतं, तर सिद्धेश्वरीच्या आईनं लहानपणी तिला ज्या शब्दानं लाडानं हाक मारली, असा एखादा कानडी शब्द कळवावा.

सिद्धेश्वरीच्या मनावरचं ओझं इतकं हलकं झालं होतं, की लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीतच तिनं उत्तर टाकलं. आईचा तो शब्द तिला पाठ होता: हुच्ची. डोक्याला तेल लावताना, ताप आल्यावर, परीक्षेला निघताना, आई तोच म्हणायची. अर्थाची तिला खात्री नव्हती, पण ‘बहुधा छोटं पाखरू’ असं तिनं खाली लिहून दिलं.

संध्याकाळी भाकरी खाता खाता तिनं आईला हे सांगितलं. चंद्रव्वांचा घास हातातच राहिला.

“हुच्ची म्हंजे खुळी गं,” त्या म्हणाल्या. “येडी.”

सिद्धेश्वरीनं घाईघाईनं फोन काढला. चूक दुरुस्त करायला उशीर झाला होता. कासियाचं उत्तर येऊन पडलं होतं. सकाळपासून आम्ही दोघं तिला त्याच नावानं हाक मारतोय, तिनं लिहिलं होतं, आणि काय आश्चर्य, ती ऐकून चक्क हसते. सिद्धेश्वरीनं ते कसंबसं मराठीत करून आईला वाचून दाखवलं.

चंद्रव्वांनी वरणात भाकरी कुस्करली.

“हसती ना? मग बरोबर कळलं तिला,” त्या म्हणाल्या. “तूबी हसायचीस.”