सीलबंद मांजर

बाईसाहेबांना पंधरा दिवस पिल्लांपासून दूर ठेवायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं. (मी आपणहून घेतलेल्या कामांची आमच्या घरात एक यादी आहे. ती बायकोला तोंडपाठ आहे.)

बाईसाहेब म्हणजे आमची मांजर. दोन वर्षांत तिसरं बाळंतपण. पिल्लं अडीच महिन्यांची झाली होती, वाटीतलं खाणं फस्त करत होती आणि वर चवीला म्हणून आईला लुचत होती. ती बिचारी वाळून काठी झालेली. पाठीवरून हात फिरवला की मणके हाताला लागायचे. त्यात गच्चीवर पैलवान नावाचा बोका मुक्कामाला आलेला. आणखी एक बाळंतपण तिला झेपणार नाही, हे मला, बायकोला आणि मुलीला, तिघांनाही कळत होतं.

"दूध आटल्याशिवाय मी ऑपरेशन करणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पंधरा दिवस आई एका खोलीत, पिल्लं बाहेर. एकदाही भेट नको. जमेल?"

"रेकॉर्ड रूममध्ये बावीस वर्षं काढलीत मी. माझ्या परवानगीशिवाय तिथून झुरळसुद्धा बाहेर गेलेलं नाही."

"आत किती आहेत तेही सांगा की त्यांना," बायको म्हणाली. मी दुर्लक्ष केलं.

मला भीती मांजरीची नव्हती, घरातल्या माणसांची होती. बायको हळवी, मुलगी तिच्याहून हळवी. (मी कणखर.) म्हणून ऑफिसातली पद्धतच घरी लागू केली. बाईसाहेब मागच्या खोलीत. सकाळी आठला त्यांचं खाणंपिणं, साफसफाई उरकायची, दार लावायचं, दार आणि चौकट यांवर मिळून एक कागदाची पट्टी चिकटवायची आणि पट्टीवर माझी सही ठोकायची. संध्याकाळी मी आलो की मीच ती फाडणार. मधल्या वेळात कुणी दार उघडलं तर पट्टी फाटणार, आणि माझी सही काही बाजारात मिळत नाही!

"आणि आग लागली तर, बाबा?" मुलीने विचारलं.

"अर्ज करायचा."

कोऱ्या पट्ट्या आणि डिंकाची बाटली दाराशेजारच्या फळीवरच ठेवली. रोज शोधाशोध कशाला?

तीन दिवस झकास गेले. चौथ्या दिवशी चष्मा विसरला म्हणून जेवणाच्या सुट्टीत घरी आलो. बायको शिवणक्लास घ्यायला गेलेली, मुलगी शाळेत. पट्टी शाबूत, सही माझी. माझी छाती फुगली. तेवढ्यात दाराखालच्या फटीतून एक पंजा बाहेर आला. अलीकडून एका पिल्लाने त्यावर आपला पंजा ठेवला. दोघंही ओरडली नाहीत. ओरडली असती तर मी खंबीर राहिलो असतो. मला अगदी गलबलून आलं.

फक्त पाच मिनिटं! मग पिल्लं बाहेर, नवी पट्टी, नवी सही. पट्टी लावणारा मी, फाडणाराही मीच, म्हणजे नियमभंग असा झालाच नाही. त्यानंतर मी रोज काही ना काही घरी विसरू लागलो.

सोळाव्या दिवशी बाईसाहेबांना टोपलीत घालून आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपलं आणि भुवया वर केल्या.

"दूध भरपूर आहे की! पिल्लांना कोण सोडत होतं?"

"अशक्य!" मी ठणकावलं. (पाच मिनिटांनी काही दूध टिकत नाही, असं माझं शास्त्र.) "रोज संध्याकाळी मी स्वतः सही तपासलीय. हवं तर या दोघींना विचारा."

हे बोलायला नको होतं.

"मी सोडायचे," बायको म्हणाली. "अकराला. पाचच मिनिटं."

"मी शाळेतून आल्यावर," मुलगी पुटपुटली.

"आणि माझी सही?"

"त्यात काय एवढं? हिच्या प्रगतिपुस्तकावर आठ वर्षं तुमची सही मीच करतेय."

"गणिताच्या पेपरांवर मी करते," मुलगी म्हणाली आणि तिने जीभ चावली.

म्हणजे चौथ्या दिवशी ज्या सहीकडे पाहून माझी छाती फुगली होती, ती सही बायकोची होती! मी संतापाने तोंड उघडणार, तोच बायको म्हणाली, "आता दीडचं विचारा, डॉक्टर. शेजारच्या आजींना यांची स्कूटर रोज दीडला दिसते."

मी टोपलीचं झाकण नीट करू लागलो.

"दिवसातून तीनदा, अगदी वेळेवर!" डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारला. "हिला आता इथेच ठेवा. भेटायला कुणी यायचं नाही. तुम्ही तर रस्त्यावरूनही जायचं नाही."

पुढचे पंधरा दिवस आम्ही तिघंही पिल्लांची नजर चुकवत घरात वावरलो. मग बोलावणं आलं. दूध आटलं होतं, अंगही थोडं भरलं होतं. मला एवढा आनंद झाला, की संमतीपत्रावर मी माझी सर्वांत झोकदार सही केली.

मदतनीसाने फाइलमधले लसीकरणाचे जुने कागद काढले, माझ्या सहीशेजारी धरले आणि मान हलवली. "मालकांचीच सही लागेल, काका."

"मीच मालक!"

बायकोने मुकाट्याने पेन घेतलं आणि दुसऱ्या कागदावर माझी सही केली. "हां, ही बरोबर," तो म्हणाला.

बाईसाहेबांचं ऑपरेशन उत्तम पार पडलं. माझा कागदही फाइलला लागला आहे. त्यावर मदतनीसाने लाल शाईत शेरा मारलाय : 'सही बनावट.'