साडेपाचचा ठेका

आमच्या गल्लीत संध्याकाळी साडेपाच वाजले की घड्याळ बघावं लागत नाही. सेतुमामांच्या खिडकीची तावदानं थरथरू लागतात. पुढचा पाऊण तास वीसेक वर्षांपूर्वीची नाचाची गाणी वाजतात: हिंदी रीमिक्स, तमिळ सिनेमातली धिंगाण्याची गाणी, आणि काही इंग्रजी, ज्यांत गाणारा डब्यात तोंड घालून गातोय असं वाटतं.

गल्ली तंजावरच्या राजवाड्यामागे आहे. इथे दर तिसऱ्या घरात कोणीतरी गाणं शिकतं किंवा शिकवतं. सेतुमामांनी स्वतः एकतीस वर्षं सरकारी संगीतशाळेत मृदंग शिकवला. त्यामुळे ‘तुम्हाला संगीतातलं काय कळतं’ असं त्यांना विचारायची सोय नाही. उलट तेच विचारतात.

तक्रार घेऊन आलेल्याला त्यांचा प्रश्न ठरलेला असतो. “ठेका चुकला का?” समोरचा नाही म्हणतो, कारण तो चुकलेला नसतो. “मग बसा की. काफी घ्या.” या पायरीच्या पुढे गेलेली तक्रार माझ्या माहितीत नाही. एका नामवंत मृदंगवादकाविषयी त्यांना मत विचारलं, तेव्हा म्हणाले, हात चांगला आहे, पण टाळ्या पडल्या की घाई करतो. माझी सीडी घाई करत नाही.

सीड्या चार. त्यात पाचवीची भर त्यांनी कधी पडू दिली नाही. भाच्याने हौसेने अलीकडची गाणी भरून आणली, ती त्यांनी “ओळख नाही” म्हणून परत केली. स्पीकर ठेवायची तऱ्हाही वेगळी. तो सागवानी बाकाखाली, तोंड वर बाकाच्या फळीकडे करून. बाकावर पद्मामामी बसायच्या. गल्लीला मामींची दया यायची. एके काळी मुलींच्या शाळेत कवायत शिकवणारी ही बाई कचेऱ्यांना, म्हणजे गाण्याच्या मैफलींना, आणि लग्नांना येईनाशी झाली होती, आणि तिला काहीही विचारलं तरी उत्तर मामाच देत. बायकोला बोलू देत नाहीत, वर तिच्या बुडाखाली नगारा ठेवतात, असं लोक म्हणत.

गेल्या नवरात्रापर्यंत हे चाललं. शेजारच्या गाण्याच्या राजलक्ष्मी टीचरच्या घरी इकडच्या रिवाजाप्रमाणे नवरात्राच्या बाहुल्या मांडल्या होत्या आणि त्यांच्यापुढे टीचरच्या शिष्या गाणार होत्या. या मुलींचा रोजचा वर्ग साडेपाचचा, मधे एक भिंत. आदितालाच्या आठ मात्रांत चार-चारचा ठेका बिनतक्रार बसतो, आणि तिथेच घात झाला. देवीवरची संथ लयीतली कर्नाटकी रचना, कृती, दुसऱ्या ओळीला चालू लागली, चौथीला धावू लागली. सहा मुलींच्या माना एकदम डावीकडे गेल्या, एकदम उजवीकडे. एकीने खांदेही उडवले. जमलेल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. सेतुमामा उंबऱ्याशी उभे होते. ते म्हणाले, “ठेका चुकला का?”

चौथ्या दिवशी अर्ज तयार झाला. गाणी कायमची बंद करा, नाहीतर पोलिसांत जाऊ. हवं तर कानाला लावून ऐका. खाली सतरा सह्या. वर्तमानपत्रात काम करतो म्हणून तो पोचवायचं माझ्यावर आलं. मी साडेपाचला दहा मिनिटं असताना गेलो.

मामांनी अर्ज उभ्यानेच वाचला. “कानाला लावून,” ते म्हणाले. “कानाचा काय संबंध?”

मी म्हणालो, गाणं कानानेच ऐकतात.

“तुम्ही ऐकता.” त्यांनी मामींकडे बघितलं. त्या बाकावर दोन्ही तळहात टेकून बसल्या होत्या. मग मामांनी एरवीच्या मानाने बरंच सांगितलं. मामींचे कान वीस वर्षांपूर्वी हळूहळू गेले. यंत्रं लावून झाली, उपयोग झाला नाही. त्या काळात शाळेच्या स्नेहसंमेलनाचे नाच त्याच बसवायच्या, याच गाण्यांवर. ठेका फळीतून हाताला लागला की उरलेलं गाणं त्यांना आठवतं: शब्द, चाल, कुठली मुलगी कुठे चुकायची ते. नवीन गाणं लावलं तर नुसते धक्के बसतात.

“मृदंग?” मी विचारलं.

“माझं वाजवणं पण तिला आठवतं. पण मी आता म्हातारा. तेव्हासारखं वाजत नाही. ती लगेच ओळखते.” मग म्हणाले, “हे गल्लीत सांगायचं नाही, रिपोर्टर. मज येडा म्हणू देत, भांडखोर म्हणू देत. तिला ‘पाप, बिचारी’ म्हणायला कोणी दारात यायचं नाही.”

पोलिसांचं काय, असं मी विचारलं. येऊ देत, ते म्हणाले, त्यांना पण काफी देऊ.

एवढ्यात मामींनी हात पुढे केला. मामांनी अर्ज पाठीमागे लपवला. हात तसाच राहिला. तीस वर्षं पोरींना रांगेत उभं करणारा हात होता तो. मामांनी कागद दिला.

त्यांनी तो सह्यांसकट वाचला. माझ्या खिशातलं पेन मागून घेतलं आणि सतराव्या सहीखाली तमिळमध्ये तीन ओळी लिहिल्या: मी बहिरी आहे. गाणी माझी आहेत. बंद होणार नाहीत. खाली पूर्ण नाव आणि शाळेतला हुद्दा.

मामांनी त्या ओळी वाचल्या. वीस वर्षं झाकलेली गोष्ट बाईने शाईने लिहून दिली होती. त्यांनी काही तरी बोलायला तोंड उघडलं, पण मामी त्यांच्याकडे बघत नव्हत्या. त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या.

साडेपाचला मामांनी सीडी लावली. तावदानं वाजू लागली. दुसऱ्या ठोक्याला मामींनी मान हलवली, आणि शब्द सुरू झाले तिथे नेमके त्यांचे ओठ हलले. पलीकडच्या घरात टीचरचा वर्ग एकाएकी थांबला; अर्जाचं काय झालं ते तिथे कळलं असावं.

मी कागद घेऊन निघालो. मागून मामींचा आवाज आला. स्वतःचा आवाज ऐकू न येणाऱ्या माणसाचा असतो तसा, मोठा आणि सपाट.

“अहो, वाढवा जरा. आज हाताला कमी लागतंय.”