कपाटामागची भिंत

लोरेनचे सगळे कपडे पलंगावर पडले होते आणि हार्लन भिंतीतल्या रिकाम्या कपाटात अर्धा शिरून पेन्सिलने खुणा करत होता. मुलीने फळ्या, दांड्या आणि खणांचा नवा संच पाठवला होता. उद्या दुपारी जेवायला आली की ती आधी कपाट उघडून बघणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"सुतार बोलावू म्हटलं होतं मी," लोरेन म्हणाली.

"सदतीस वर्षं डुलूथच्या बर्फातून टपाल वाटलंय. चार फळ्या मला जड नाहीत."

दुपारपर्यंत खाली खणांचा खोका उभा राहिला, वर दांडी चढली.

"तिरकी दिसतेय."

"तू तिरकी उभी आहेस."

हे सिद्ध करायला हार्लनने थंडीचे अकरा कोट एका दमात दांडीवर चढवले. जुन्या भिंतीतला स्क्रू अलगद बाहेर आला. दांडी कोटांसकट हार्लनवर पडली, हार्लन खोक्यावर, आणि खोक्याचा कोपरा थेट भिंतीत घुसला. भगदाडातून गंजलेल्या ब्लेडांचा ढीग खळखळत गालिच्यावर आला.

"मी ठीक आहे," कोटांखालून आवाज आला.

"हलू नकोस. हात कापेल."

पण लोरेन त्याच्याकडे बघतच नव्हती. ती हळूच खाली बसली.

"डॅडींची ब्लेडं आहेत ही. पलीकडे न्हाणीघरात आरशामागे फट आहे ना, वापरलेली ब्लेडं तिच्यातनं भिंतीत टाकायचे. मी टबाच्या काठावर टॉवेल धरून बसायची. रविवारी दाढी करताना गुणगुणायचे ते. सूर कधी लागला नाही."

हे घर तिच्या वडिलांचं. ते जाऊन वीस वर्षं झाली होती, आणि आता त्यांच्या दाढ्यांचा हिशेब गुडघ्यापाशी पडला होता.

हार्लनने ढिगातून एक पिवळा कागद चिमटीत उचलला. "तुझं पाचवीचं प्रगतिपुस्तक. गणितात नापास. तू तर म्हणायचीस, मी पहिली यायची."

"आईला सांगितलं, वाऱ्याने उडालं," लोरेन म्हणाली आणि दुसरा कागद उचलून वाचू लागली. डॉक्टरांची चिठ्ठी होती, वडिलांच्या नावाची: सिगार बंद, डुकराची चरबी बंद. ती हसायला लागली. हसता हसता डोळे पुसले. "आईला सांगायचे, डॉक्टर म्हणाले तब्येत घोड्यासारखी आहे. अठ्ठ्याऐंशीपर्यंत ओढले सिगार. त्याच फटीत, हार्लन. दोघंही आईला चुकवून."

"मोठी हुशार माणसं तुम्ही."

"मग. आरसा बदलला तेव्हासुद्धा ती फट बुजवू दिली नाही मी."

हार्लनचं तिच्या बोलण्याकडे लक्ष नव्हतं. कोटांतून त्याचा उजवा पाय हळूहळू पुढे सरकत होता.

"काय रे?"

"काही नाही. मुंग्या आल्यात."

लोरेनने त्याचा मोज्यातला पाय बाजूला केला. खाली घडी घातलेली पांढरीशुभ्र चिठ्ठी होती, डॉक्टरांची, हार्लनच्या नावाची, गेल्या मंगळवारच्या तारखेची. पहिलीच ओळ होती: मीठ आणि लोणी पूर्ण बंद.