मापाचा प्रवाह

मोजायला कुणी पाण्यात उतरलं की लव्हाळवाडीचा ओढा श्वास रोखून ताठ उभा राहायचा. मोजणाऱ्याचा मान राखावा, एवढाच त्याचा स्वच्छ हेतू. पण पाणी थांबलं की यंत्राची चक्री फिरत नसे आणि कागदावर शून्य लागे. पावसाळ्यात शून्य, हिवाळ्यात शून्य. आता उन्हाळ्यातही शून्य लागलं की ओढा कोरडा ठरणार आणि वाडीची नळयोजना रद्द होणार. सही करायची होती ती शैला उघडेला, कारण जलमापक तीच. ओढ्याच्या या अतिशहाणपणाचा तिला मनस्वी राग आला.

"अरे बाबा, वाहा की जरा!" ती गुडघाभर पाण्यातून ओरडली.

ओढा आणखी ताठ झाला.

"लई लाजाळू हाये तो," काठावरून हौसाबाई भांगरे म्हणाली. तिच्या कडेवर रिकामा हंडा होता.

शैला खडकावर टेकली. शिंप्यासमोर ती स्वतः अशीच पोट आत ओढून उभी राहायची, आणि मग शिवलेला ब्लाउज काचायचा. म्हणून हल्ली ती टेप लावूच देत नसे. जुना, नीट बसणारा ब्लाउज मापाला टाकून यायची. ती ताडकन उठली.

"मावशी, ह्याला सांगा, गेल्या वर्षीचा प्रवाह असला तर मापाला दे म्हणावं."

हौसाबाईने वाकून निरोप सांगितला. "अन् परत मिळंल रं," अशी पदरची भरही घातली.

सकाळी खडकावर गेल्या वर्षीचा प्रवाह काढून ठेवलेला होता. वर पावसाळा, मधे हिवाळा, तळाशी उन्हाळा. कडेला जरा विरलेला, पण वाहता. शैलाने चक्री बुडवली आणि ती गरगरा फिरू लागली. उन्हाळ्याच्या थरातही थांबली नाही. शैला आनंदाने नाचायची तेवढी राहिली. मोजून झाल्यावर शैला, हौसाबाई आणि वाडीतल्या आणखी दोघी अशा चौघींनी टोकं धरून प्रवाहाची घडी घातली आणि ओढ्याला परत केली.

कार्यालयात बोंद्रेसाहेबांनी आकडे बारकाईने पाहिले.

"माप गेल्या वर्षीचं आहे. यंदा ओढ्याचं अंग भरलं असेल तर?"

"शिवणीत माया सोडलीय, साहेब."

"मग हरकत नाही," म्हणून साहेबांनी योजना मंजूर केली.

नळाला पाणी आलं त्या दिवशी वाडीने टाळ्या पिटल्या. हंडे भरू लागले तशी कुणीतरी हौसेने सुरुवात केली, "एक... दोन..."

धार बारीक झाली.

"मोजू नका गं!" हौसाबाई कडाडली.

मग कुणीच मोजलं नाही. वाडीतली भांडी संपली, तरी पाणी येतच होतं.